एका पुडीला किती पाणी?

तळणी गावाहून एका वाचक ताईंचा फोन आला आणि माझा जुना आवडता विषय उकरून गेला. त्यांचं म्हणणं असं : "भाऊ, ओआरएसची अख्खी पुडी भिजवली की लेकरू चार घोट पितं, बाकीचं ओतून द्यावं लागतं. मग अर्धी पुडी अर्ध्या तांब्यात केली तर काय बिघडतं?"

बिघडतं ते तांब्यामुळे. आमच्या औषधाच्या दुकानातला पाण्याचा तांब्या मी मुद्दाम मोजून पाहिलाय, त्यात पाऊण लिटरही मावत नाही. तुमचा असेल त्याहून मोठा किंवा लहान. आमच्या मंठ्याच्या बाजारात भांड्यांच्या दुकानी उभे राहा, एका मापाचे दोन तांब्ये सापडायचे नाहीत. अर्ध्या पुडीचाही तोच घोळ. पुडीत मीठ आणि साखरेचे दाणे वेगवेगळे असतात, डोळ्यानं केलेल्या अर्ध्यात कोणता दाणा किती आला हे कोण सांगणार? उरलेली अर्धी पावसाळ्यात ओल धरून गोळा होते ते वेगळंच.

मोठ्या पुडीत साधारण 20.5 ग्रॅम भुकटी असते : ग्लुकोज 13.5, मीठ 2.6, सोडियम सायट्रेट 2.9 आणि पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम. हे सगळं एक लिटर पाण्यासाठी. आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज आत जाताना सोडियमला सोबत नेतं आणि त्या दोघांमागून पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा उघडी असते, म्हणून तर हे औषध चालतं. पण पाणी कमी घातलं की द्रावण घट्ट होतं आणि गाडी उलटी फिरते : शरीरातलं पाणी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात, रक्तातलं सोडियम चढलं तर लहान लेकराला झटकेसुद्धा येऊ शकतात. "जरा कडक करून द्या, लवकर ताकद येईल" असं म्हणणारे काउंटरवर नेहमी भेटतात. त्यांना मी सांगतो, जागतिक आरोग्य संघटनेनं 2002 मध्ये पुडी उलट सौम्य केली. लिटरमागे सोडियम 90 वरून 75 मिलिमोलवर आणलं.

मापाचा हा आग्रह कुठून आला, ते सांगायचा मोह आवरत नाही. 1971 साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे आले. पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथं कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पिशव्या भरून घेतल्या, नळ लावलेल्या पिंपांत ते पाणी ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं. त्याआधी शंभरातले तीसेक रोगी दगावत होते. त्यांच्या छावणीत ते प्रमाण चाराच्या खाली आलं. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्या पाण्याला ते तोंडानं घ्यायचं सलाईनच म्हणत. आपल्याकडेही सलाईन लावल्याशिवाय पेशंटला बरं वाटत नाही, तेव्हा ही युक्ती मंठ्यातही चालावी. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. हयातीत मिळायला हवं होतं, असं माझं मत.

पुढं बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेच्या बायका घरोघर जाऊन चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ यांचं पाणी शिकवत फिरल्या. पाण्याचं माप होतं अर्धा शेर. आयांना किती लक्षात राहिलं हे नंतर दुसरं कुणी येऊन तपासायचं आणि त्यावर शिकवणारीचा पगार ठरायचा. असा पगार आपल्याकडे सुरू केला तर काय होईल, हा विचार मी इथंच सोडतो.

तर ताई, उपाय सोपा आहे. लग्नाकार्यात मिळालेली पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घरात असतेच. ती स्वच्छ धुवा, तेच तुमचं माप. लेकरू थोडंच पीत असेल तर 200 मिलिलिटरची छोटी पुडी मागा, दुकानात असते. घेताना पुडीवर किती पाणी लिहिलंय ते वाचा. बनवलेलं पाणी झाकून ठेवा, चोवीस तासांनंतर उरलं तर खुशाल ओता. ते पुन्हा उकळायचं नाही. आणि जुलाब झालेल्या लेकराला घोटभर, चमच्या-चमच्यानं द्या. ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. डोळे खोल गेले, लघवी होईना, लेकरू मलूल पडलं तर पुडीच्या भरवशावर न थांबता दवाखाना गाठायचा.

हाच घोळ अँटिबायोटिकच्या ड्राय सिरपमध्ये होतो. बाटलीवरची खूण ही तयार औषधाची असते, त्यात भुकटीही आली. 30 मिलिलिटरच्या बाटलीत एकूण 750 मिलिग्रॅम औषध असेल तर खुणेपर्यंत भरल्यावर 5 मिलिलिटरमध्ये 125 येतं. फेस वर आला म्हणून 20 लाच थांबलात तर त्याच चमच्यात 187.5. म्हणून आधी बाटली टिचकी मारून भुकटी सुटी करा, थोडं उकळून गार केलेलं पाणी घालून हलवा, फेस बसू द्या आणि मग खुणेपर्यंत पोचा. कोमट दुधात कालवून आणलेली बाटलीही माझ्या काउंटरवर येऊन गेली आहे.

ताईंचा शेवटचा प्रश्न बोअरचा. "आमचं पाणी आधीच खारं, त्यात ही खारी पुडी?" बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, उकळल्यानं जंतू मरतात, खारटपणा जात नाही. घरात एरवी जे पाणी पिता तेच उकळून गार करून पुडीला वापरा. इतकं खारं असेल की एरवीही पीत नाही, तर ते पुडीलाही नको, जारचं घ्या. पण जारचं पाणीही लेकरासाठी उकळूनच. जार भरणाऱ्या प्लांटनं क्षार काढले म्हणजे तुमच्या माठातले जंतूही गेले, असं होत नाही.