ताडपत्रीची निगा

विद्यार्थ्यांचे शिबिर असो, जयंतीचा मंडप असो वा पावसाळ्यातले गळके छप्पर असो, आपल्याला ताडपत्री लागतेच. काम झाले की मात्र ती ओलीच गुंडाळून कोपऱ्यात टाकली जाते. पुढच्या वेळी उघडावी तर कुबट वास, काळे ठिपके आणि घडीवर चिरा! ज्या घरात धान्य आणि मुलांची पुस्तके एकाच छपराखाली असतात, तेथे एक भोकही महागात पडते. म्हणून तिची निगा कशी राखावी, हे आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

ताडपत्रीचे मुख्य प्रकार दोन : मेण चढवलेली सुती कॅनव्हासची आणि पॉलिथिनची. सुती ताडपत्रीला बुरशी खाते, प्लॅस्टिकच्या ताडपत्रीला ऊन खाते. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे नियम आपोआप समजतात.

धुणे : आधी कोरडी माती झटकावी. मग सपाट जागी पसरून गार पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने पुसावी. गरम पाणी, धुण्याचा सोडा व तारेची घासणी टाळावी. त्यांनी मेणाचा थर जातो. दगडावर आपटू नये. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी ओतावे, कारण उरलेल्या साबणामुळे पाणी कापडात सहज मुरते.

वाळवणे : दोन्ही बाजू, शिवणी आणि कडा पूर्ण सुकू द्याव्यात. सुती ताडपत्री उन्हात वाळवली तरी चालते. प्लॅस्टिकची सावलीत, वाऱ्यावर वाळवावी.

दुरुस्ती : सुती कापडाला ठिगळ शिवून टाक्यांवर मेणबत्ती घासावी. प्लॅस्टिकला स्वच्छ, कोरड्या जागी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावावी. कडेची रिंग निखळली असेल, तर त्या जागी गुळगुळीत गोटा ताडपत्रीत गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधावी.

बांधणे : ताडपत्रीला उतार हवाच. एक मीटर लांब-रुंद आणि सरासरी 10 सेंटिमीटर खोल डबके साचले, तर त्याचे वजन 100 किलो होते. त्याने रिंगा उपटतात, कधी बांबूही मोडतो. पत्र्याच्या व बांबूच्या टोकांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधावेत.

ठेवणे : दर वेळी त्याच घडीवर घडी घालू नये, सैल गुंडाळी करावी. जमिनीला न टेकवता, फळीवर, उंदरांपासून दूर ठेवावी. त्यावर अन्न सांडले असेल तर आधी धुवावे.

ताडपत्री सामाईक असेल तर जबाबदारी अधिकच. आपले कार्य उरकले, पण उद्या तीच दुसऱ्याच्या छपरावर जाणार आहे. म्हणून सभासदांनी व विद्यार्थ्यांनी ती धुऊन, वाळवून, फाटली असल्यास तसे सांगून परत करावी, एवढीच आमची विनंती.