हृदयावरणाचे काठिण्य आणि त्याचे निदान

हृदयाभोवती पातळ, दुपदरी आवरण असते. क्षयरोगाने त्यास सूज आल्यास पुढे ते जाड होऊन त्यात चुना साचू शकतो आणि हृदय आवळले जाते. मग मानेच्या शिरा फुगतात, पोटात पाणी होते, पाय सुजतात. अनेकदा हा यकृताचा विकार समजला जातो व मोलाचा काळ वाया जातो.

छातीच्या, विशेषतः बाजूने घेतलेल्या, क्ष-किरण चित्रात चुन्याची पांढरी कड दिसते. सी. टी. स्कॅनने आवरणाची जाडी मोजता येते. ती ४ मिलिमीटरहून अधिक असल्यास शंका बळावते. इको तपासणीत हृदय भरण्यातील अडथळा कळतो. मात्र चुना दिसला नाही, म्हणून रोग नाही असे मानू नये. वेळीच निदान झाल्यास शस्त्रक्रियेने हे आवरण काढता येते. यास्तव पोट सुजलेल्या रुग्णाच्या मानेच्या फुगलेल्या शिरांकडे दुर्लक्ष होता कामा नये.