दाणा टोकदार झाला की

दिवाळी अंकासाठी राजा दीनदयाळांवर लेख हवा, म्हणून संपादकांनी मला हैदराबादला पाठवलं. सहाव्या निजामाचे ते दरबारी छायाचित्रकार. सिकंदराबादला त्यांचा स्टुडिओ होता. त्यांच्या २८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. अशी काच कागदावर दाबून उन्हात ठेवली की जेवढी काच तेवढाच फोटो. मध्ये भिंग नाही, त्यामुळे तपशील गळायला जागाही नाही.

मी अडकलो मात्र काचीगुड्यात, एका निवृत्त डार्करूमवाल्या काकांकडे. त्यांनी एनलार्जर लावला, खाली ग्रेन फोकसर, म्हणजे दाणा पाहायचं भिंग, ठेवला. "डोळा लावा." चाक फिरू लागलं तसा करडा धूर फुटून चांदीचे दाणे सुटे झाले. "चेहऱ्यावर फोकस करायचा नसतो. दाणा टोकदार झाला की चेहरा आपोआप येतो." त्या दाण्यांवरून माझा डोळा हलेना.

मग त्यांनी एकाच निगेटिव्हचे सहा बाय चारचे दोन फोटो मांडले. एक त्यांनी स्वतः काढलेला, दुसरा लॅबने स्कॅन करून दिलेला. वीतभर अंतरावरून दुसराच जास्त कडक वाटला, कारण मशीन कडा धारदार करतं. भिंगाखाली मात्र त्यातल्या साडीच्या काठाचे ठिपके झाले. काकांच्या फोटोत बुट्टी न् बुट्टी शाबूत.

इंचाला ३०० ठिपके धरले तर सहा बाय चारला १८०० गुणिले १२००, म्हणजे सुमारे साडेएकवीस लाख ठिपके पुरतात, आणि स्वस्तातलं स्कॅन तिथेच थांबतं. तीच ३५ मिमीची निगेटिव्ह इंचाला ४००० ठिपक्यांनी स्कॅन केली तर दोन कोटींच्या वर जातात. हातात कॅमेरा धरून काढलेल्या फोटोत एवढा तपशील नसतो हे खरं, पण साडेएकवीस लाखांत मावेल इतका कमीही नसतो. लॅबने सीडीवर दिलेल्या त्या छोट्या फाइलचा अठरा बाय बारा काढा, इंचाला १०० ठिपके उरतात. आणि सीडी मिळाली म्हणून घरोघरी निगेटिव्ह फेकून दिल्या गेल्या, याचं मला फार वाईट वाटतं.

ज्यांनी ठेवल्या त्यांचंही सोपं नाही. काकांकडे येणाऱ्या पट्ट्या पावसाळ्यात एकमेकींना चिकटलेल्या असतात. बुरशी जिलेटिन खाते, आणि असं जिलेटिन पाण्यात विरघळतं; म्हणून भिजवून सोडवायची सोय नाही. रंगीत फिल्मवरची धूळ स्कॅनर इन्फ्रारेड किरणांनी ओळखून पुसतो. कृष्णधवल फिल्ममधली चांदी ते किरण अडवते, त्यामुळे तिथे प्रत्येक डाग हातानेच भरायचा. एका पट्टीला कधी पूर्ण संध्याकाळ जाते.

मी निघालो तेव्हा ते मऊ ब्रश घेऊन सहा फ्रेमच्या एका पट्टीवर वाकले होते. कपाटात अशाच पट्ट्यांनी भरलेले बिस्किटांचे अजून तीन डबे होते.