चार कोंबड्या आणि दहा बाय दहाची खोली

उल्हासनगरची सुभाष टेकडी घ्या, अंबरनाथचा बुवापाडा घ्या नाहीतर बदलापूरची सोनिवली. आपल्या वस्त्यांत कोंबड्या आहेत. कुणाकडे दोन, कुणाकडे पंधरा. जिन्याखाली खुराडे, पत्र्यावर कोंबडा, आणि बोळात पिल्लांमागे धावणारी पोरे. आम्ही रक्तदाब तपासायला किंवा लसीकरणाची आठवण द्यायला घरोघर जातो, तेव्हा अर्ध्या गप्पा कोंबडीच्याच होतात. कोणती खुडूक बसली, कोणती मांजराने नेली, कोणाचे अंडे कोणी उचलले. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर कोंबडी.

पहिला प्रश्न आम्ही नेहमी एकच विचारतो. अंडी कोण खाते? उत्तर बहुतेक घरी सारखे असते. "ताई, गावठी अंड्याला भाव आहे, विकून टाकते." विकायला आमची हरकत नाही. त्या पैशातून मुलीची वही येते, गॅस येतो, आणि ते पैसे बाईच्या हातात राहतात, हे लहान काम नाही. पण हिशेब पुढे करायला हवा. गावठी अंड्यात जास्त ताकद असते ही समजूत खरी नाही. दुकानातले पांढरे अंडे साधारण पन्नास ग्रॅमचे असते, त्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. गावठी अंडे आकाराने लहान, म्हणून त्यात प्रथिनेही थोडी कमीच. भाव मात्र चढा. तेव्हा गावठी विकायचे असेल तर खुशाल विका, पण त्या पैशातून पांढरी अंडी आणा आणि ती घरात शिजवा. एका अंड्याच्या जागी दोन येत असतील तर पोरांचा फायदाच आहे. आणलेल्या अंड्यांतले पहिले गरोदर सुनेला, दुसरे अंगणवाडीतल्या पोराला. घरातल्या कमावत्या पुरुषाला नंतर. यावर काही घरी सासूबाई नाराज होतात, होऊ द्या.

हे इतके सांगायचे कारण आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी बंद केला, आणि अंडे द्यायचेच असेल तर शाळेने लोकसहभागातून द्यावे असे सांगितले. आपल्या वस्तीतल्या शाळेत लोकसहभाग म्हणजे कोणाचा सहभाग, ते वेगळे सांगायला नको. निधीसाठी भांडायचे ते भांडूच. तोवर पोराच्या पोटात अंडे घरूनच जायला हवे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. अंडे खाऊन रक्त वाढते असे समजून लोहाच्या गोळ्या बंद करू नका. एका अंड्यात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नसते. अंडे प्रथिनांसाठी, बी-१२ साठी, अ जीवनसत्त्वासाठी. रक्तासाठी गोळी, पालेभाजी आणि वर लिंबू. घरात क्षयरोगाचा रुग्ण असेल तर निक्षय पोषण योजनेचे महिना हजार रुपये त्याच्या खात्यात यायला हवेत. नोव्हेंबर २०२४ पासून रक्कम पाचशेची हजार झाली आहे. त्या पैशातली अंडी त्याच्याच ताटात पडली पाहिजेत.

आता कोंबड्या वाढवण्याचे. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, त्यातही मधले दिवस खुडूक बसून जातात. जास्त अंडी हवी असतील तर वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया या सुधारित जाती आहेत. गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केली, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या संशोधन संस्थेने. पिल्ले घेण्यासाठी पुण्यात खडकीला मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, आणि आपल्याला त्याहून जवळ म्हणजे गोरेगावच्या आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. जाण्याआधी चौकशी करून जा, पिल्ले रोज मिळत नाहीत. सुधारित कोंबडीची एक अडचण लक्षात ठेवा, ती सहसा खुडूक बसत नाही. त्यामुळे पिल्ले काढायला देशी कोंबडी लागतेच. बुवापाड्यातल्या एका आजींनी यावर सरळ तोडगा काढला आहे. अंडी गिरिराजची, आणि रवणीला बसवायची आपली गावठी.

रवणीला बसवायची अंडी आठवड्याच्या आतली, तडा नसलेली घ्या. बसेपर्यंत टोक खाली करून गार जागी ठेवा. एका कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. पंधरा ठेवली की कडेची गार पडतात. सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंधारात अंड्यामागे मोबाइलची बॅटरी धरा. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर ठेवा, अंडे कोरे दिसले तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्ले येतात. कोंबडी उठून दाणा खायला गेली तर घाबरू नका, तिला रोज थोडा वेळ उठू द्यायलाच हवे. पिल्लांना ऊब म्हणून काही घरी खोक्यात बल्ब लावतात आणि वायर खिडकीतून ओढतात. जोड उघडा, खाली भुसा, वर पुठ्ठा. दहा बाय दहाच्या खोलीत अशी आग लागली तर बाहेर पडायलाही जागा नसते. आई कोंबडी असताना बल्बची गरजच नसते.

कोंबडा मात्र बदलत राहा. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, पण तोच कोंबडा आपल्याच लेकींवर आणि नातींवर चालत राहिला की दोन-तीन पिढ्यांत अंडी फुटत नाहीत, पिल्ले अशक्त निघतात. वर्षातून एकदा अदलाबदल करावी. अंबरनाथचा बदलापूरला, बदलापूरचा उल्हासनगरला. नवीन आलेला पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा डालून ठेवायचा आणि मगच कळपात सोडायचा. नव्या पाहुण्याबरोबर रोग येतो, त्यासाठी हे.

काही उपासिका आम्हाला विचारतात, पहिले शील घेतले आहे, मग कोंबड्या पाळाव्यात का? काहीजणी फक्त अंड्यांसाठी पाळतात, कोंबडा खाटकाला देत नाहीत. तो ज्याचा त्याचा निर्णय आहे. भंतेजींशी बोला. आमच्याकडे उत्तर फक्त आरोग्याचे.

आणि आरोग्याचे पहिले उत्तर हे की कोंबडी माणसाच्या झोपायच्या खोलीत नको. चोरीच्या भीतीने, कुत्र्या-मांजराच्या भीतीने रात्री कोंबड्या पलंगाखाली डालतात, हे आम्हाला माहीत आहे. पण विष्ठेतून निघणारा वास म्हणजे अमोनिया, आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ. दमा असलेल्या म्हातारीला आणि तान्ह्या बाळाला ती रात्रभर छातीत जाते. रांगणारे बाळ तर जमिनीवर सापडेल ते तोंडात घालते. वारंवार जुलाब होणाऱ्या बाळाची आई आमच्याकडे दात येण्याचे कारण सांगते. आम्ही आधी विचारतो, कोंबड्या कुठे असतात? खुराडे दाराबाहेर, भिंतीला खिळ्यांवर टांगलेले किंवा चार विटांवर उचललेले करा. जाळी मजबूत, कडी आतून, मग चोरही नाही आणि मांजरही नाही. खुराडे उंचावर असले की पुराच्या दिवसांतही उपयोग होतो. २००५ आणि २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीने बदलापुरात काय केले ते नदीकाठच्या घरांना सांगायला नको. झाडताना आधी पाणी शिंपडा, तोंडाला ओढणी बांधा, नंतर साबणाने हात धुवा. दाणे रात्री उघडे ठेवले की उंदीर येतात, आणि पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो. हे सगळे झाडायचे काम घरातल्या मुलीकडेच का असते, हा प्रश्नही एकदा घरात विचारून बघा.

बाळाला जुलाब लागलेच तर ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात, आणि झिंकची गोळी पूर्ण १४ दिवस. जुलाब थांबले म्हणून झिंक थांबवायचे नाही. विष्ठेत रक्त दिसले, बाळ पीत नाहीसे झाले किंवा डोळे खोल गेले तर थेट दवाखाना. उल्हासनगरला कॅम्प ३ चे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथला छाया रुग्णालय, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय. अंडे नीट उकडूनच खा. जिमला जाणारी आपली मुले कच्चे अंडे दुधात फेटून पितात, त्यांनाही सांगा, कच्च्या अंड्यातली प्रथिने उकडलेल्यापेक्षा कमी अंगी लागतात, आणि साल्मोनेलाचे जुलाब लागतात ते वेगळेच.

कोंबडी चरते कुठे, याकडे आपण बघतच नाही. वालधुनी नदी अंबरनाथहून उल्हासनगरात येते, तिच्यात वर्षानुवर्षे कारखान्यांचे पाणी सोडले गेले आहे. तिच्या काठची माती, किंवा भंगारातल्या वायरी जाळून तांबे काढतात ती जागा, यात शिसे आणि इतर विषे असतात. कोंबडी मातीच उकरून खाते, आणि ते विष अंड्यात उतरते. ते उकडून जात नाही. शिसे लहान मुलाच्या मेंदूला बाधते. नाल्याकाठी किंवा भंगाराजवळ घर असेल तर कोंबड्या जाळीत ठेवा, दाणा, उरलेली भाकरी, भाजीचे देठ तिथेच द्या. नाल्यावर मोकळ्या सोडलेल्या कोंबडीचे अंडे आम्ही गरोदर बाईला खा म्हणणार नाही.

रोगांत सर्वांत मोठा मानमोडीचा, ज्याला राणीखेत म्हणतात. हिरवट पातळ विष्ठा, तोंड उघडून श्वास, मान वाकडी, आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे. औषध नाही. लस आहे, आणि ती स्वस्त आहे. पिल्लू ५ ते ७ दिवसांचे झाले की लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, आणि साधारण आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचे इंजेक्शन. अडचण अशी की एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि आपल्याकडे पिल्ले बारा. म्हणून लोक लस घेतच नाहीत. आमच्या बाळांच्या लसीकरणात बीसीजीची कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागते, म्हणून आम्ही एकाच दिवशी सगळी बाळे बोलावतो. इथेही तेच करा. बचत गटाने गल्लीतल्या सगळ्या पिल्लांची यादी करावी, एक दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्यातून कुपी बर्फाच्या थर्मासमध्ये आणावी आणि विहाराच्या ओट्यावर सगळ्यांची पिल्ले तासा-दोन तासांत उरकावीत. थेंब देणाऱ्याने हात डोळ्याला लावू नयेत, या लसीने माणसाचे डोळे येतात. मेडिकलमधून माणसांची अँटिबायोटिकची गोळी आणून पाण्यात टाकणे बंद करा. मानमोडीवर ती चालत नाही, आणि तिचा अंश अंड्यातून आपल्याच पोटात येतो. कोलिस्टिन हे तर माणसाच्या जिवावर बेतते तेव्हाचे शेवटचे औषध, जनावरांना आणि कोंबड्यांना ते देण्यावर २०१९ पासून देशात बंदी आहे.

आता जे सर्वांत महत्त्वाचे. आपोआप मेलेली किंवा मरायला टेकलेली कोंबडी कापून खायची नाही. "तासापूर्वीच पडली, वाया कशाला घालवायची" हे आम्ही अजून ऐकतो. महाडला १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले आणि आपल्या आज्या-पणज्यांनी उपाशी राहून ते सोडले. मेलेल्या म्हशीचे सोडले आणि मेलेल्या कोंबडीचे ठेवले, असे कसे चालेल? रोग झालेली कोंबडी कापताना रक्त, पिसे, आतडी हाताळणाऱ्या बाईलाच सर्वांत जास्त धोका असतो.

बर्ड फ्लू दूरचा नाही. महाराष्ट्रात तो पहिल्यांदा २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला आला, २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्याला. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत शंभरेक पक्षी अचानक मेले, तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि एक किलोमीटरच्या आतले हजारो पक्षी मारावे लागले. माणसाला हा रोग क्वचित होतो, पण २०२१ मध्ये हरियाणातला एक लहान मुलगा त्याने दिल्लीत दगावला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला आधी कावळे मेले. म्हणून वस्तीत एकदम तीन-चार कोंबड्या पडल्या किंवा कावळे मरून पडलेले दिसले तर १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कळवले की सगळ्या मारून टाकतील, या भीतीने लोक गप्प बसतात. पण नुकसानभरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. गप्प बसणाऱ्याच्या कोंबड्याही जातात आणि पैसेही.

मेलेल्या कोंबडीला हात लावायचा तर दोन्ही हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घाला, तोंडाला फडके बांधा, पोरांना लांब ठेवा. मोकळी जमीन असेल तिथे हातभर खोल खड्डा, वर चुना, मग माती. सिमेंटच्या गल्लीत खड्डा कुठे काढणार, हे आम्हालाही कळते. तिथे दुहेरी पिशवीत घट्ट बांधून पालिकेच्या सफाई विभागाला बोलवा आणि पिशवी हातात देतानाच आत काय आहे ते कर्मचाऱ्याला सांगा, कारण कचऱ्यात हात घालणारा तोही बहुधा आपल्यातलाच असतो. नाल्यात तर मुळीच टाकू नका.