दोन भाऊ, दोन भाषा आणि एक उज्जैन

१९३० साली उज्जैनमध्ये बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा मिडलच्या परीक्षेत नापास झाला. वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात होते. सचोटीचे आणि करड्या शिस्तीचे. बदली झाली की बिऱ्हाड हले, बिऱ्हाड हलले की शाळा सुटे. घरी येणाऱ्या-जाणाऱ्या शिपायांनी ज्याला ‘बाबूसाहेब’ म्हणून डोक्यावर घेतले होते, त्या थोरल्या मुलावर पुन्हा त्याच परीक्षेला बसायची वेळ आली. या मुलाचे नाव गजानन माधव मुक्तिबोध. पुढे आधुनिक हिंदी कवितेत ज्याला वळसा घालून जाता येत नाही असा कवी तो झाला. त्याच्या चरित्रात आयुष्यातली पहिली महत्त्वाची घटना म्हणून नोंद आहे ती या नापास होण्याची. मुंज नाही, बक्षीस नाही, पहिली छापलेली कविताही नाही.

शाळा-कॉलेजातल्या मुलांनी कशावर लिहावे, हा प्रश्न दर वर्षी वार्षिक अंकाच्या वेळी निघतो. सामाजिक समस्या घ्या, वाचलेल्या पुस्तकांवर लिहा, स्वतःचा अनुभव सांगा, असे तीन ठरलेले पर्याय शिक्षक पुढे ठेवतात. मुले त्यांतला एक उचलतात आणि उरलेल्या दोहोंशी आपला संबंध नाही असे धरून चालतात. उज्जैनच्या मुक्तिबोधांच्या घरात मात्र हे तिन्ही एकमेकांत इतके मिसळले की त्यातून दोन भाषांना एकेक मोठा लेखक मिळाला. थोरला गजानन हिंदीत गेला, धाकटा शरच्चंद्र मराठीत.

हे घर मूळचे खानदेशातले, जळगावकडचे. एकोणिसाव्या शतकात पूर्वज ग्वाल्हेर संस्थानात आले आणि तिथलेच झाले. उज्जैनला अशी घरे नवी नव्हती. राणोजी शिंद्यांनी अठराव्या शतकात इथेच आपले ठाणे केले होते. त्यांच्या दिवाणाने, रामचंद्रबाबा शेणव्यांनी, महाकाळाचे देऊळ पुन्हा उभे केले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण मराठी माणसे मागे राहिली. महसूल, पोलीस, शाळा, पौरोहित्य अशा कामांत ती होती. घरात मराठी, वर्गात हिंदी आणि बाजारात माळवी, असे तीन थर मुलांच्या कानांवरून रोज जात. कोणत्या भाषेत लिहायचे हा प्रश्न पुण्याच्या मुलाला पडत नाही. इथे तो पडतो.

गजाननच्या बाबतीत त्याचे उत्तर बरेचसे आईने दिले. पार्वतीबाई ईसागढच्या, म्हणजे बुंदेलखंडाच्या कडेच्या, आणि हिंदी वातावरणात वाढलेल्या. शिक्षण जेमतेम सहावीपर्यंतचे, पण वाचन भरपूर. त्यांचे आवडते कादंबरीकार दोन: प्रेमचंद आणि हरि नारायण आपटे. ही जोडी सहज म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिणाऱ्या आपट्यांनी पांढरपेशा मराठी घराच्या माजघरात काय चालते ते दाखवले होते. प्रेमचंदांनी शेतकऱ्याच्या आणि कारकुनाच्या आयुष्यातली नागवणूक दाखवली. माजघरात हे दोघे एकाच फळीवर असतील, तर ‘सामाजिक प्रश्न’ नावाची गोष्ट मुलाला शाळेच्या निबंधातून शिकावी लागत नाही. प्रेमचंदांचा भक्त आपल्याला आईने केले, असे मुक्तिबोधांनी पुढे एका लेखाच्या शीर्षकातच सांगून टाकले.

१९३५ मध्ये गजानन उज्जैनच्या माधव कॉलेजात होता आणि लिहायला लागला होता. शहरात हिंदी साहित्याची हवा होती. रमाशंकर शुक्ल ‘हृदय’ यांच्यासारखे कवी आसपास होते. खांडव्याहून माखनलाल चतुर्वेदी ‘कर्मवीर’ काढत, त्यात या पोराच्या कविता छापून येऊ लागल्या. कशावरच्या? अठरा वर्षांच्या मुलाने लिहाव्यात तशाच: माळव्याचा मोकळा मुलूख, ओढ, हुरहुर, एकटेपणा. या काळाचा हिशेब त्यांनी पुढे ‘तार सप्तक’ या कवितासंग्रहातल्या आपल्या निवेदनात मोठ्या प्रामाणिकपणे मांडला. एका बाजूला टॉल्स्टॉयच्या कादंबऱ्यांमधले माणसांचे प्रश्न, दुसऱ्या बाजूला महादेवी वर्मांची कविता, अशी मनाची ओढाताण होती आणि त्या वयात सौंदर्याचे पारडे जड ठरले, असा त्याचा आशय आहे. विद्यार्थ्याच्या सुरुवातीच्या कवितेत ‘सामाजिक आशय नाही’ म्हणून नाक मुरडणाऱ्या परीक्षकांनी हे निवेदन वाचायला हवे.

१९३७ मध्ये बी. ए.ला पुन्हा अपयश आले. पुढच्या वर्षी इंदूरच्या होळकर कॉलेजातून पदवी मिळाली. इंदुरात राहायला आत्याबाईंचे घर होते आणि तिथल्याच परिचयातल्या शांताबाईंशी १९३९ मध्ये घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न झाले. दोन नापाशी, एक प्रेमविवाह आणि पाठोपाठ मास्तरकीतल्या तुटपुंज्या पगारावरचा संसार. पंचविशीच्या आत माणसाला लिहायला पुरेल एवढा कच्चा माल हा आहे. तसा तो तेव्हाच्या हजारो पदवीधरांकडे होता. पण दुखणे सांगण्याच्या पुढे जाऊन ते आपल्यालाच का, असे विचारणारे थोडे असतात.

मुक्तिबोधांच्या बाबतीत हे विचारणे शुजालपुरात पक्के झाले. उज्जैन आणि भोपाळच्या मधल्या या गावात ‘शारदा शिक्षा सदन’ नावाची शाळा होती. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक नारायण विष्णू जोशी ती चालवत. मुक्तिबोध तिथे शिकवायला गेले. हिंदी कवी नेमिचंद्र जैनही तिथे आले. तोवर मुक्तिबोधांवर बर्गसाँच्या तत्त्वज्ञानाची छाया होती, आपल्या आतल्या ऊर्मीचाच सगळा विचार. नेमिचंद्रांच्या सहवासात मार्क्स आला आणि आतल्या घालमेलीला बाहेरचे पत्ते मिळू लागले: पगार, वर्ग, सत्ता, भीती. १९४२च्या सुमारास शाळा बंद पडली तेव्हा मुक्तिबोध उज्जैनला परतले आणि मध्य भारतातल्या प्रगतिशील लेखकांची संघटना बांधायला लागले. १९४३ मध्ये अज्ञेयांनी संपादित केलेले ‘तार सप्तक’ आले. सात कवींच्या त्या संग्रहाने हिंदी कवितेची दिशा बदलली. त्यात पहिलाच कवी मुक्तिबोध. आणखी एक मराठी घरातला कवीही त्यात होता, ग्वाल्हेरला जन्मलेले प्रभाकर माचवे. ते तेव्हा माधव कॉलेजात शिकवत होते.

आता धाकट्याकडे वळायला हवे, कारण मराठी वाचकाला खरे तर तोच जवळचा, आणि आज तोच जास्त विसरला गेला आहे. शरच्चंद्र मुक्तिबोधांचा जन्म १९२१चा, इंदूरचा. बालपण आणि शिक्षण त्याच माळव्यात, त्याच बदल्यांच्या घरात. पुढे नागपुरात एम. ए., एलएल. बी. आणि तिथेच मराठीचे प्राध्यापक. ‘नवी मळवाट’ (१९४९) आणि ‘यात्रिक’ (१९५७) या संग्रहांनी मराठी नवकवितेत समाजवादी जाणिवेची वाट काढली. मर्ढेकरांच्या छायेत त्या काळचे बरेचजण लिहीत असताना शरच्चंद्रांनी यंत्रयुगातल्या माणसाच्या वैफल्याबरोबरच त्याच्या लढण्यालाही जागा दिली. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या त्यांच्या समीक्षाग्रंथाला १९७९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. साहित्याच्या मुळाशी ‘मानुषता’ हे मूल्य असते, असे ते आग्रहाने मांडत राहिले.

पण विद्यार्थीदशेच्या दृष्टीने पाहायची ती त्यांची ‘क्षिप्रा’ ही १९५४ची कादंबरी. नाव उज्जैनच्या नदीचे. बिशू नावाच्या मुलाच्या जडणघडणीची ही गोष्ट पुढे ‘सरहद्द’ (१९६२) आणि ‘जन हे वोळतु जेथे’ (१९६९) या कादंबऱ्यांत चालू राहते आणि बेचाळीसच्या चळवळीच्या काळापर्यंत पोचते. मराठीत शाळकरी मुलांच्या कादंबऱ्या पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेक स्मरणरंजनात रमतात. हे त्रयीचे लेखन तसे नाही. बिशूच्या मनात जे उमलते आणि गोंधळते त्याच्याशी त्याच्या भोवतालचे राजकारण आणि मध्यमवर्गीय घराची कोंडी सतत जोडलेली राहते. मराठीत लिहिलेली, पण महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलाची ही कहाणी; त्यामुळे तिच्यातला माळवा हे पार्श्वभूमीला लावलेले चित्र नाही. लेखक त्यातच वाढला होता.

एकाच घरातले, एकाच नदीकाठी वाढलेले, दोघेही मार्क्सवादाकडे आलेले. तरी एकाची कविता अंधाऱ्या भुयारात आणि पडक्या विहिरीत उतरते, तर दुसरा सरळ कादंबरीच्या हमरस्त्याने जातो. सारखा अनुभव दोघांना सारखे लिहायला लावत नाही, हे कोणत्याही लेखन-कार्यशाळेपेक्षा या दोन भावांकडे पाहून लवकर कळते.

अनुभव आणि लेखन यांच्या मधे काय घडते? थोरल्या मुक्तिबोधांनी याचा विचार ‘एक साहित्यिक की डायरी’तल्या ‘तीसरा क्षण’ या लेखात केला आहे. लेखाचा थाट गप्पांचा आहे. केशव नावाचा जुना मित्र, तरुणपणी बरोबर केलेली रानावनातली भटकंती, आणि त्यात रंगलेला वाद. त्या वादातून कलेचे तीन क्षण पुढे येतात. पहिला क्षण जगण्यातल्या उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखणाऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांसमोर एक कल्पित चित्र होऊन उभा राहतो. मुक्तिबोध त्याला फँटसी म्हणतात. तिसरा क्षण हे चित्र शब्दांत आणण्याचा, आणि या प्रवासात चित्र स्वतःही बदलत जाते, कारण भाषा ही एकट्याची नसते, समाजाची असते. परीक्षेत नापास झालेल्या मुलाने संध्याकाळी वहीत ‘मी फार दुःखी आहे’ असे लिहिले तर तो पहिल्याच क्षणात अडकला. बहुतेक वार्षिक अंकांतल्या कविता तिथेच थांबतात. त्यात गैर काही नाही, पण त्यांच्या लेखकांना पुढे आणखी दोन क्षण आहेत हे कुणी सांगितलेले नसते.

शिकणे या विषयावर मुक्तिबोधांची कल्पना कशी झेपावते ते ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या कथेत पाहावे. घर सोडून काशीला आलेला एक अडाणी मुलगा एका भव्य, ओसाड इमारतीत गुरूपाशी बारा वर्षे शिकतो. शिक्षण संपते त्या दिवशी जेवताना गुरू तूप आणायला उठत नाही. त्याचा हात लांबच लांब होत जातो आणि तूप घेऊन परत येतो. मुलगा थरथरतो. गुरू सांगतो की तो ब्रह्मराक्षस आहे, योग्य शिष्य न मिळाल्यामुळे अडकलेला. आता विद्या दिली, म्हणून तो सुटला. ती पुढे दिल्याशिवाय शिष्याची मात्र सुटका नाही. भुताची गोष्ट म्हणून लहान मुलेही वाचतील, आणि बेकार पदवीधराला त्यात आपल्या पदवीचे ओझे दिसेल. ज्या उज्जैनमध्ये सांदीपनींच्या आश्रमात कृष्ण-बलरामांनी चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकल्याचे सांगतात, तिथे वाढलेल्या लेखकाने गुरुकुलाची अशी कथा लिहावी! खरे तर सांदीपनींच्या वर्गातच सुदामाही होता. एकाच बाकावरचे दोघे. एक राजा झाला, दुसऱ्याच्या घरी भेट म्हणून न्यायचे पोहेही शेजारून मागून आणावे लागले. विद्यार्थ्यांमधल्या विषमतेवर निबंध लिहायला याहून जुना विषय सापडणे कठीण.

विद्यार्थ्यांसाठी लिहिण्याची किंमत मुक्तिबोधांना वेगळ्याच रीतीने मोजावी लागली. ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे त्यांचे पुस्तक मध्य प्रदेशातल्या शाळांसाठी पाठ्यपुस्तक म्हणून आले, त्याविरुद्ध ओरड झाली आणि १९६२ मध्ये राज्य सरकारने त्यावर बंदी घातली. राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात प्राध्यापकी करून संसार ओढणाऱ्या लेखकाला हा घाव मोठा होता. दोनच वर्षांनी, ११ सप्टेंबर १९६४ रोजी, दिल्लीत ते गेले. वय सेहेचाळीस. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र संग्रह त्याच वर्षी आला, पण तो हातात घ्यायला ते नव्हते.

उज्जैनने लेखकांची ही परंपरा पुढे निराळ्या वाटेने चालवली. १९५७ मध्ये विक्रम विद्यापीठ झाले. हिंदी कवी शिवमंगलसिंह ‘सुमन’ माधव कॉलेजचे प्राचार्य आणि नंतर या विद्यापीठाचे कुलगुरू होते. बैतूल जिल्ह्यातल्या जौलखेड्याचे हिंदी कवी चंद्रकांत देवताले उज्जैनला स्थायिक झाले. त्यांनी पीएच. डी. केली ती मुक्तिबोधांवर, आणि दिलीप चित्रे यांच्या कविता मराठीतून हिंदीत नेल्या. मुक्तिबोधांच्या घरात मराठी आणि हिंदीची जी देवघेव जन्माने आली होती, ती देवतालेंनी अनुवादाने केली. २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले हे कवी २०१७ मध्ये गेले, मुक्तिबोधांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी.

महाराष्ट्रातल्या मराठीच्या प्राध्यापकांना यातून एक सोपी गोष्ट करता येण्यासारखी आहे. ‘क्षिप्रा’ची काही प्रकरणे आणि ‘तीसरा क्षण’ हा लेख एकाच आठवड्यात वर्गात वाचायला द्यावा. हिंदी समजण्याची अडचण आजच्या मुलांना नाही. मग लिहायला विषय देताना ‘बेरोजगारी : एक समस्या’ असे शीर्षक फळ्यावर न लिहिता, घरातल्या कुणाची नोकरी गेली तेव्हा स्वयंपाकघरात काय बदलले, एवढेच विचारावे. बिशूच्या वयाची मुले त्यावर दोन पाने नक्की लिहितील, आणि शीर्षक त्यांचे त्यांना सुचेल.