माळ्यावरच्या जुन्या तसबिरी

दिवाळीची आवराआवर निघाली किंवा जुने घर पाडून स्लॅबचे बांधायचे ठरले, की माळ्यावरून हटकून चार-सहा तसबिरी खाली येतात. काच तडकलेली, पाठचा पुठ्ठा उंदरांनी कुरतडलेला, दोरी कुजलेली. त्या भंगारवाल्याच्या गाडीवर जातात आणि पुढच्याच बाजाराला आपण प्लास्टिकच्या चौकटीचा आरसा विकत आणतो!

मैत्रिणींनो, द्यायच्या आधी त्या एकदा अंगणात उजेडात नेऊन पाहा. जुन्या चौकटी पुष्कळदा सागवानी असतात. तशी चौकट आज सुताराकडून करून घ्यायची म्हटली तर किंमत ऐकूनच परत फिरावे लागेल. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात शहरातले लोक अशा चौकटी हौसेने शोधत फिरतात. मात्र उघडताना घाई करू नका. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते.

आमच्या घरी मामंजींचा एकच फोटो होता, फेटा बांधलेला, तरुणपणीचा. पावसाळ्यात भिंतीच्या ओलीने तो काचेला चिकटला होता. मी उत्साहाने पुठ्ठा काढला आणि फोटोचा कोपरा धरून हलकेच ओढला. फेटा सुटून आला, चेहरा काचेवरच राहिला. सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी येऊन पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, आधी मला विचारायचं तरी."

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरातच असते. ओल लागली की थर मऊ होतो आणि वाळताना काचेला घट्ट धरतो. असा फोटो कधी ओढू नका, सुरीने सोडवू नका, पाण्यात तर मुळीच घालू नका. काचेसकट तो सावलीत ठेवा आणि मोबाइल थोडा तिरका धरून, काचेवर उजेड चमकणार नाही असा, फोटोचा फोटो काढा. मग त्याची नवी प्रत करून घेता येते. मूळ फोटो काचेसकट कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवून द्यावा. मला हे आधी ठाऊक असते तर!

चौकटीत देवादिकांचे जुने छापील चित्र असेल तर तेही जपून काढा. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघर पोचली. काही घरांतल्या बायकांनी त्यांवर जर आणि टिकल्याही शिवल्या. असा कागद ठिसूळ झालेला असतो. त्याची गुंडाळी करू नका, प्लास्टिकमध्ये चिकटवूनही घेऊ नका. दोन स्वच्छ कागदांमध्ये सपाट ठेवा.

आता चौकटीकडे वळू. ती पांढऱ्या कागदावर आपटून पाहा. बारीक भोकांतून पीठ पडले तर आत किडा आहे. अशी चौकट घरातल्या लाकूडकामाजवळ ठेवू नये. वाळवीने पोकळ केलेली असेल तर सरळ टाकून द्या. पण रंगवलेले लाकूड चुलीत घालू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पॉलिश पेपर ओला करून, पोरांना दूर ठेवून, अंगणात घासावा आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला लागू नये.

सोनेरी नक्षीच्या चौकटीला मात्र पाणी लावू नका. ती नक्षी बहुधा खडू आणि सरसाची असते, ओल्या फडक्याने विरघळते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडली की पुरे. साध्या सागवानी चौकटीला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, लाकूड कसे खुलून येते पाहा! तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि ढिगातले फडके आपोआप पेटू शकते. फडकी पसरून बाहेर वाळू द्या.

आरसा करायचा तर पाठीमागच्या खाचेचे माप कागदावर कापून काचवाल्याकडे न्या आणि आरसा त्याहून दोन मिलिमीटर कमी मागा. घट्ट बसवला तर पावसाळ्यात लाकूड फुगून तो तडकतो. किल्ल्यांसाठी पाठीला फळी ठोकून चार आकडे लावले की झाले.

मला स्वतःला आवडते ती खणाची तसबीर. गुळेदगुडच्या खणाची जुनी चोळी किंवा विरलेल्या इरकलीचा पदर पेटीत असतोच. तो पुठ्ठ्यावर ताणून मागच्या बाजूने टाके घाला. खळ किंवा डिंक नको, त्याने कसर लागते. शिवलेले कापड पुढे कधी काढून धुताही येते. काच आणि कापड यांमध्ये कडेने पुठ्ठ्याची बारीक पट्टी ठेवा, म्हणजे ते काचेला टेकणार नाही. फोटोलाही असेच करा. मामंजींच्या चौकटीत आता सासूबाईंच्या लग्नातला खण आहे. तो त्यांनी स्वतःच पेटीतून काढून दिला.

टांगताना जुन्या दोरीवर भरवसा नको, तार घ्या. मातीच्या भिंतीत नुसता खिळा धरत नाही, आधी लाकडी खुंटी ठोका. आणि चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे दोन तुकडे चिकटवा, म्हणजे मागून वारा खेळतो आणि भिंतीची ओल आत जात नाही.