तळ्यातले ते ‘शेवाळ’ एकदा हातात घेऊन बघा



ऊसविकासाच्या पानावर पाण्यातल्या तणाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण ऐन उन्हाळ्यात फूटव्हॉल्व्हची जाळी तुंबते, मोटर पाणी ओढीत नाही आणि पाळी चुकते. मग हा विषय उसाचाच आहे हे पटते.

आधी माझी चूक सांगतो. एका सभासदाने विचारले, “साहेब, तळ्यात शेवाळ माजलंय, काय टाकू?” मी तळे न बघताच मोरचूद टाकायला सांगितले. वरचे शेवाळ गेले, मासेही मेले, पण खालचे हिरवे रान जसेच्या तसे! मग त्यांनी ते विळ्याने कापले, तर महिन्याभरात आणखी पसरले. तेव्हा कुठे मी पाण्यात उतरलो. ते हायड्रिला होते. शाळेतल्या प्रयोगात नरसाळ्याखाली ठेवतात, तीच वनस्पती.

ओळख सोपी आहे. शेवाळाला खोड-पान नसते, ते बुळबुळीत असते. हायड्रिलाला उसासारखी पेरे असतात. प्रत्येक पेराभोवती चार ते आठ बारीक पानांचे कडे असते. पानाच्या कडेला दाते असतात, बोट फिरवले की खरखरीत लागते. मुळाशी गाळात वाटाण्याएवढ्या गाठी सापडतात. पाने टोकाला दुभागलेली आणि मुळे नसतील, किंवा बुडापासून लांब फितीसारखी पाने निघत असतील, तर ते तण वेगळे.

कापल्यावर ते का वाढले? आपण एक डोळ्याची टिपरी लावतो ना, तसाच प्रकार! एका पेराचा तुकडासुद्धा नवे झाड होऊ शकतो. गाळातल्या गाठी तर चार वर्षांहून अधिक काळ जिवंत राहतात. ही वनस्पती आपल्याकडचीच. पण 1950 च्या दशकात शोभेच्या मत्स्यपेटीसाठी ती अमेरिकेत फ्लोरिडाला गेली आणि तिथली तळी, नद्या, कालवे तिने व्यापून टाकले.

म्हणून एवढे करा :

1. तण कापू नका. दाताळ्याने मुळासकट ओढा. प्लॅस्टिकच्या तळ्यात मात्र दाताळे नको, हातानेच काढा.
2. काढताना मोटर बंद ठेवा. सांडव्याला जाळी बांधून तरंगते तुकडे गोळा करा.
3. काढलेले तण ओढ्यात किंवा कालव्यात टाकू नका. उन्हात पूर्ण वाळवून पाचटाबरोबर खड्ड्यात कुजवा.
4. फूटव्हॉल्व्ह, पाइप, मासळीचे जाळे दुसऱ्या तळ्यात नेण्याआधी धुऊन वाळवा.
5. गवत्या मासा हे तण आवडीने खातो. तो सोडण्यापूर्वी मत्स्य खात्याचा सल्ला घ्या.

एका वर्षात हे संपणार नाही, दरसाल काढावे लागेल. आणि औषध विचारायला याल तेव्हा तणाची एक फांदी पाण्याच्या बाटलीत घालून गट ऑफिसात आणा. न बघता सल्ला देणे मी त्या दिवसापासून सोडले आहे.

— ऊस विकास अधिकारी